इंजेक्ट वेळेवर का पोहोचत नाही? पूर-सरावाच्या सॉफ्टवेअरमधील नेहमीच्या बिघाडाचे निवारण

आपत्ती व्यवस्थापनाचा टेबलटॉप सराव (म्हणजे प्रत्यक्ष धावपळ न करता दालनात बसून, काल्पनिक खबरांवर निर्णय घेण्याचा सराव) संगणकावर घेताना सर्वाधिक वेळा समोर येणारी तक्रार एकच असते, ती म्हणजे ठरलेला इंजेक्ट ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. इंजेक्ट म्हणजे नियंत्रण गटाने सहभागींकडे सोडलेली काल्पनिक खबर, उदाहरणार्थ ‘राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फूट’ किंवा ‘राधानगरीचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले’. पुढील विवेचन कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील पूर-सराव डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, परंतु वेळापत्रकानुसार इंजेक्ट सोडणारे कोणतेही सॉफ्टवेअर असले तरी तपासणीचा क्रम बदलत नाही.

लक्षणे

हा बिघाड निरनिराळ्या रूपांत दिसतो, आणि कोणते रूप दिसले हे नीट नोंदवले तर निम्मे निदान तिथेच होते.

- सराव ‘सुरू’ असल्याचे पडद्यावर दिसते, परंतु एकही इंजेक्ट बाहेर पडत नाही.
- बराच वेळ शांतता असते आणि मग आठ-दहा इंजेक्ट एकाच मिनिटात येतात.
- सगळे इंजेक्ट क्रमाने येतात, पण बरोबर साडेपाच तासांच्या फरकाने. क्वचित हा फरक नेमका अर्ध्या तासाचा असतो.
- तहसीलदारांना इंजेक्ट मिळतो, जलसंपदा विभागाच्या प्रतिनिधीला मिळत नाही.
- पहिला ई-मेल दहा-पंधरा मिनिटे उशिरा येतो आणि पुढचे वेळेवर येतात.
- पान रिफ्रेश केल्याशिवाय नवा इंजेक्ट पडद्यावर उमटत नाही.
- क्रम उलटतो: पूल वाहतुकीस बंद केल्याची खबर आधी येते आणि पाणी पुलाला लागल्याची नंतर.
- इंजेक्ट वेळेवर येतो, पण मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. सरावात मोजायचे असते ते मुख्यतः या दोन पातळ्यांच्या मधले काम: स्थलांतराचा निर्णय कोणी व किती मिनिटांत घेतला, बोटी कुठे हलवल्या, महावितरणला कधी कळवले. पहिला इंजेक्ट नेमका कधी पोहोचला हेच सांगता येत नसेल, तर मूल्यमापकाच्या तक्त्यातील पुढची प्रत्येक वेळ निरर्थक ठरते. म्हणून काही मिनिटांच्या विलंबाकडेही काणाडोळा करू नये.

लोक कोणत्या घड्याळाबद्दल बोलत आहेत?

या तपासणीला काहीच खर्च नाही आणि तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात. पुराचा सराव जवळजवळ नेहमीच आकुंचित वेळेत घेतला जातो, म्हणजे दालनातल्या एका तासात कथानकातले सहा किंवा बारा तास उलटतात. त्यामुळे सरावात दोन घड्याळे चालतात. इंजेक्टच्या मजकुरात ‘पहाटे ४ वाजता’ असे लिहिलेले असते आणि भिंतीवरचे घड्याळ पावणेअकरा दाखवत असते. सहभागी ‘खबर उशिरा आली’ म्हणतो तेव्हा त्याला कथानकाची वेळ अभिप्रेत असू शकते. तक्रार करणाऱ्याला प्रथम विचारावे की त्याच्या मनगटावरील घड्याळात इंजेक्ट किती वाजता आला. त्याचे उत्तर नियंत्रण गटाकडील यादीशी जुळले, तर सॉफ्टवेअरला हात लावण्याचे कारण नाही; प्रत्येक इंजेक्टच्या पहिल्या ओळीत ‘कथानक-वेळ’ हा शब्द घालावा आणि दालनात कथानकाचे घड्याळ मोठ्या पडद्यावर लावावे.

सराव खरोखर सुरू झाला आहे का, आणि कोणता?

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कथानक हा साचा असतो आणि प्रत्यक्ष सराव सुरू करताना त्या साच्याची प्रत तयार होते. प्रत निघाल्यानंतर मूळ कथानकात केलेल्या दुरुस्त्या चालू सरावात उतरत नाहीत. आदल्या दिवशी चाचणीसाठी काढलेली प्रतही यादीत तशीच उभी असते आणि नावे सारखी असल्याने नियंत्रक भलतीच प्रत सुरू करतो. म्हणून सरावाच्या नावात तारीख घालावी, जुन्या प्रती संग्रहात टाकाव्यात आणि चालू प्रतीतील इंजेक्टची संख्या कागदावरील यादीशी ताडून पाहावी. काही इंजेक्ट ‘मसुदा’ किंवा ‘निष्क्रिय’ अवस्थेत राहिलेले असतात. ते कधीच सुटत नाहीत आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

याच टप्प्यावर इंजेक्टच्या वेळा कशा बांधल्या आहेत हेही पाहावे. वेळ दोन प्रकारे देता येते: ‘सकाळी १०:४५’ अशी निश्चित, किंवा ‘सुरुवातीपासून १५ मिनिटांनी’ अशी सापेक्ष. आपल्याकडे उद्घाटन, दीपप्रज्वलन आणि मनोगते आटोपेपर्यंत साडेदहाचा सराव सव्वाअकराला सुरू होणे अगदी स्वाभाविक आहे. वेळा निश्चित असतील तर नियंत्रकाने सुरुवातीचे बटण दाबताच पाऊण तासाचे सगळे इंजेक्ट एकदम सुटतात, आणि आठ-दहा इंजेक्ट एकत्र येण्याच्या लक्षणाचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे. वेळा सापेक्ष केल्या की हा प्रश्न कायमचा सुटतो. एखादा इंजेक्ट निश्चित वेळेलाच हवा असेल, जसे की दुपारी १२ वाजता मंत्रालयातून येणारा काल्पनिक दूरध्वनी, तर तो वेळापत्रकात न घालता नियंत्रकाने हाताने सोडावा.

एक्सेलची यादी

या तपासणीवर मी इतर कोणत्याही तपासणीपेक्षा जास्त वेळ घालवतो, कारण आपल्या कार्यालयांत इंजेक्टची यादी जवळजवळ नेहमी एक्सेलमध्ये जन्म घेते आणि तिथून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) करून सॉफ्टवेअरमध्ये आणली जाते. या एका प्रवासात चार गोष्टी बिघडतात.

पहिली गोष्ट तारखेची. विंडोजची प्रादेशिक मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ७ ऑगस्टसाठी लिहिलेले ०७/०८ हे ८ जुलै म्हणून वाचले जाते. सराव मे महिन्यात घेतला तरी निश्चित वेळांच्या यादीत हा घोळ होतोच, आणि १२ पेक्षा मोठा दिवस असलेल्या ओळी बरोबर व बाकीच्या चूक अशी विचित्र स्थिती निर्माण होते. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी आणि आयात झाल्यावर पहिली, मधली व शेवटची ओळ सॉफ्टवेअरच्या पडद्यावर उघडून पाहावी.

दुसरी गोष्ट अंकांची. मराठी कळफलकावर टाइप करणारा लिपिक वेळेच्या रकान्यात देवनागरी अंक लिहितो. माणसाला ते बरोबर दिसतात. परंतु बहुतेक सॉफ्टवेअर त्या रकान्याला वेळ न मानता साधा मजकूर मानते आणि तो इंजेक्ट एक तर वगळते किंवा शून्य मिनिटावर ठेवते. सराव सुरू होताक्षणी भलताच इंजेक्ट उडाला, तर प्रथम हा रकाना पाहावा. ज्या रकान्यांत गणित होणार आहे तिथे इंग्रजी अंकच (0 ते 9) हवेत, मजकुराच्या रकान्यात देवनागरी अंक खुशाल वापरावेत.

तिसरी गोष्ट जतन करण्याच्या पद्धतीची. एक्सेलमध्ये साध्या ‘सीएसव्ही’ या पर्यायाने फाइल जतन केली तर देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि ती पुन्हा अक्षरे होऊ शकत नाहीत. त्याच यादीतील ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडला पाहिजे. मूळ एक्सेल फाइल म्हणूनच पुसू नये.

चौथी गोष्ट फॉन्टची. जुन्या संगणकांवर अजूनही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केले जाते. असा मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. हा बिघाड सॉफ्टवेअरचा नाही आणि सेटिंग बदलून तो जाणार नाही. मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासून, पुन्हा आयात करावा. परिवर्तक ‘र्‍या’ आणि ‘र्या’ यांत हमखास गडबड करतात, आणि गावांच्या नावांत ती खटकते.

कोणाला मिळत नाही?

एका विभागाला इंजेक्ट मिळतो आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती असेल तर घड्याळ आणि सर्व्हर दोन्ही निर्दोष आहेत असे समजून सहभागींच्या नोंदीकडे वळावे. इंजेक्ट गटाला जोडलेला असतो आणि माणूस गटात असतो. या दोन जोडण्यांपैकी एक तुटली की संदेश कुठेच जात नाही. बदल्यांच्या काळात हे फार होते. गेल्या वर्षीच्या सरावातील प्रांताधिकारी बदलून गेलेले असतात, त्यांचा पत्ता मात्र गटात कायम असतो, आणि चालू वर्षाचे इंजेक्ट बिनबोभाट त्यांच्याकडे जात राहतात. त्यामुळे शक्य असेल तिथे व्यक्तीच्या नावाऐवजी पदाच्या पत्त्यावर गट बांधावा.

यानंतर प्रत्येक गटाला एकच चाचणी-इंजेक्ट पाठवून ‘पोहोचला’ असे उत्तर हाताने लिहून घ्यावे. सॉफ्टवेअरमधील ‘पाठवला’ या हिरव्या खुणेवर विसंबू नये, कारण तिचा अर्थ सॉफ्टवेअरने संदेश पुढच्या यंत्रणेच्या हवाली केला एवढाच असतो. ई-मेल आला नसेल तर स्पॅमचा कप्पा पाहावा. मोबाइल ॲपवर सूचना येत नसेल तर अँड्रॉइडच्या बॅटरी-बचत सेटिंगमध्ये त्या ॲपला सूट द्यावी. फोन टेबलावर निश्चल पडून राहिला की ही व्यवस्था पार्श्वभूमीतील ॲप झोपवते आणि कोणी फोन उचलला की साचलेल्या सूचना एकदम वाजतात.

सराव ज्या संगणकावर चालतो तो जागा आहे का?

लहान सराव पुष्कळदा एखाद्या लॅपटॉपवरच चालवले जातात. झाकण मिटले किंवा वीस मिनिटे कोणी स्पर्श केला नाही तर लॅपटॉप झोपतो, वेळापत्रक चालवणारा प्रोग्रॅम थांबतो, आणि जाग येताच तो मागचा सगळा अनुशेष एका दमात भरून काढतो. निद्रा-सेटिंग बंद करणे, चार्जर लावणे आणि विंडोजचे स्वयंचलित अद्यतन सरावाच्या दिवसापुरते पुढे ढकलणे, एवढ्याने हे टळते. काही हलक्या साधनांत घड्याळ सर्व्हरवर न चालता नियंत्रकाच्या ब्राउझरमध्येच चालते. क्रोमसारखे ब्राउझर पार्श्वभूमीत गेलेल्या टॅबचे टायमर मुद्दाम मंद करतात, म्हणून असे साधन असेल तर त्याचा टॅब वेगळ्या खिडकीत सतत समोर ठेवावा आणि त्या संगणकावर दुसरे काही करू नये.

साडेपाच तास

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर कारणाबद्दल शंका उरत नाही. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि दोन यंत्रणांपैकी एक दुसरीची वेळ स्वतःची समजत आहे. साडेदहाचा इंजेक्ट दुपारी चार वाजता आला तर सर्व्हर जागतिक वेळेत चालतो आणि भरलेली वेळ त्याने जागतिक मानली. पहाटे पाचला आला असेल तर रूपांतर दोनदा झाले. कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या बंदिस्त स्वतंत्र कप्प्यात, बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रकार विशेष आढळतो, कारण मूळ संगणकावर भारतीय वेळ असली तरी कंटेनर आतून बहुधा जागतिक वेळेत चालतो आणि ती वेगळी सांगावी लागते.

उपाय करताना तीन ठिकाणी पाहावे: वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधील कालक्षेत्र, सरावाच्या सेटिंगमधील कालक्षेत्र आणि सर्व्हर किंवा कंटेनरचे कालक्षेत्र. तिन्ही ठिकाणी ‘आशिया/कोलकाता’ हे पूर्ण नाव निवडावे. ‘आयएसटी’ हे लघुरूप टाळावे. तेच लघुरूप इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेसाठीही वापरले जाते, आणि फरक साडेतीन किंवा साडेचार तासांचा असेल तर संशय तिकडेच घ्यावा. फरक अर्ध्या तासाचा असेल तर कोणीतरी यादीतून ‘+५’ किंवा ‘+६’ असा पूर्ण तासांचा पर्याय निवडलेला असतो. इंजेक्टच्या वेळेत साडेपाच तास मिळवून किंवा वजा करून काम भागवणे हा उपाय नव्हे. पुढच्या सरावात दुसरा कोणी सेटिंग दुरुस्त करतो आणि मग ती जुळवलेली यादीच चूक ठरते.

फरक तासांचा नसून दोन-चार मिनिटांचा असेल आणि त्यामुळे क्रम उलटत असेल, तर यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली नाहीत. लिनक्सवर ‘टाइमडेटसीटीएल’ (timedatectl) या आज्ञेने आणि विंडोजवर तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये समक्रमण चालू आहे की नाही ते कळते. सर्व यंत्रांनी वेळ एकाच स्रोताकडून घ्यावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार देशातील यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, जुळलेली असणे अपेक्षित आहे. त्यामुळे कार्यालयात असा सर्व्हर बहुधा आधीच उपलब्ध असतो. त्याचा पत्ता नेटवर्क सांभाळणाऱ्याकडून घ्यावा.

ई-मेल

पहिला ई-मेल उशिरा आणि नंतरचे वेळेवर, हे लक्षण दिसले की सहसा ग्रेलिस्टिंग निघते. स्वीकारणारा मेल-सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याचा पहिला प्रयत्न तात्पुरता नाकारतो. पाठवणारा काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो आणि मग ओळख पटल्याने पुढची पत्रे लगेच आत येतात. उपाय सोपा आहे. सराव सुरू होण्यापूर्वी तासभर आधी सर्वांना त्याच पत्त्यावरून एक निरुपद्रवी ई-मेल पाठवावा. तासन्‌तास काहीच येत नसेल तर पाठवणाऱ्या डोमेनच्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी (पत्र खरोखर त्याच डोमेनचे आहे हे पटवणाऱ्या नोंदी) अपुऱ्या असतात किंवा एकाच वेळी खूप पत्रे गेल्याने मेल-सेवेने वेग रोखलेला असतो. या नोंदी डोमेनच्या मालकाखेरीज कोणी बदलू शकत नाही, म्हणून इथे स्वतः खटपट न करता मेल-व्यवस्थापकाला गाठावे आणि त्यासाठी सरावाआधीचा किमान एक आठवडा राखून ठेवावा.

एसएमएस

माझे स्पष्ट मत असे आहे की टेबलटॉप सरावासाठी एसएमएस वापरूच नये. भारतात संस्थांकडून जाणाऱ्या एसएमएसना नोंदणीकृत शीर्षक आणि पूर्वमंजूर साचा लागतो. प्रत्यक्ष मजकूर साच्याशी जुळला नाही तर दूरसंचार कंपनीच्या पातळीवरच तो अडतो आणि सॉफ्टवेअर मात्र ‘पाठवला’ असेच दाखवत राहते. इंजेक्टचा मजकूर तर आदल्या रात्रीपर्यंत बदलत असतो. शिवाय मराठी संदेशाला एका भागात ७० चिन्हांचीच मर्यादा असते, लांब संदेशाच्या प्रत्येक भागात ६७, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र मोजली जातात. ‘कोल्हापूर’ या एका शब्दालाच नऊ चिन्हे लागतात. सुटसुटीत वाटणारी खबर तीन भागांत जाते, भाग पुढेमागे पोहोचतात आणि वाचणारा गोंधळतो. तरीही एसएमएस हवाच असेल तर ‘सराव संदेश क्रमांक अमुक, सविस्तर मजकूर पोर्टलवर पाहावा’ एवढाच न बदलणारा साचा मंजूर करून घ्यावा.

पडद्यावर उमटत नाही

रिफ्रेश केल्यावरच इंजेक्ट दिसत असेल तर सर्व्हरने तो वेळेवर सोडलेला असतो, फक्त ब्राउझरशी असलेली सततची जोडणी मध्येच तुटलेली असते. कार्यालयातील प्रॉक्सी किंवा फायरवॉल अशी जोडणी काही वेळ शांत राहिली की तोडते. एनजिनएक्स या प्रचलित प्रॉक्सीची मूळ मर्यादा ६० सेकंदांची आहे. पडताळणीसाठी एका सहभागीला मोबाइल हॉटस्पॉटवर बसवावे. तिथे इंजेक्ट आपोआप उमटला तर दोष कार्यालयाच्या नेटवर्कचा आहे हे सिद्ध होते, आणि नेटवर्क अभियंत्याला नेमके काय सांगायचे तेही कळते. तोवर सहभागींना दर दोन मिनिटांनी पान रिफ्रेश करण्यास सांगावे, सराव अडून राहत नाही.

रांग आणि वर्कर

वरील सर्व निर्दोष ठरले तरच सर्व्हरच्या आत शिरावे. सॉफ्टवेअर इंजेक्ट सोडण्याचे काम वेबपानापासून वेगळ्या अशा पार्श्वभूमीतील वर्कर प्रोग्रॅमकडे देते. पान झकास चालत असताना वर्कर बंद पडलेला असू शकतो, आणि ‘सराव सुरू दिसतो पण काहीच येत नाही’ या लक्षणामागे यादी व प्रत बरोबर असताना बहुधा तोच असतो. वर्कर चालू आहे का, रांगेत किती कामे साचली आहेत, डिस्क भरली आहे का आणि लॉगमध्ये (सॉफ्टवेअर स्वतः ठेवते त्या कामाच्या नोंदींच्या फाइलमध्ये) शेवटची नोंद किती वाजताची आहे, एवढ्या चार गोष्टी केवळ वाचून पाहाव्यात. वर्कर पुन्हा सुरू करण्यापूर्वी सराव सॉफ्टवेअरमध्येच विराम-स्थितीत ठेवावा आणि रांगेतील जुने इंजेक्ट रद्द करावेत. अन्यथा वर्कर उठताक्षणी साचलेले सगळे इंजेक्ट सहभागींवर ओतले जातील.

कुठे थांबावे

चालू सरावात डेटाबेसमध्ये थेट बदल करू नये, अगदी एक ओळ दुरुस्त करायची असली तरीही. वर्कर पुन्हा सुरू करूनही दुसऱ्यांदा पडला, डिस्क भरल्याचा संदेश आला, किंवा प्रमाणपत्र कालबाह्य झाल्याने पोर्टलच उघडेना, तर पुढचे काम सर्व्हर-व्यवस्थापकाचे आहे. मेलच्या डोमेन-नोंदी, फायरवॉलचे नियम आणि एसएमएसचे साचे यांचेही तसेच. स्वतः शोधाशोध करण्याला मी पंधरा मिनिटांची मर्यादा घालतो. दालनात चाळीस अधिकारी बसलेले असताना त्याहून अधिक वेळ कोणाकडेही नसतो. पंधरा मिनिटांत कारण सापडले नाही तर छापील यादी आणि दूरध्वनी यांवर सराव पुढे न्यावा. यासाठी प्रत्येक इंजेक्ट वेगळ्या कागदावर छापून, क्रमांक घालून, नियंत्रण टेबलावर आधीच ठेवलेला असला पाहिजे.

दोन परिस्थितींत मात्र कागदावरही सराव चालू ठेवू नये. जिल्ह्यासाठी प्रत्यक्षातला इशारा आला असेल, तर नियंत्रण कक्षातील माणसांवर त्यांच्या खऱ्या कामाचा हक्क पहिला आहे. म्हणून पूर-सराव मान्सूनपूर्व काळात, एप्रिल-मे महिन्यांत उरकलेले बरे. दुसरी परिस्थिती अधिक धोकादायक आहे. सरावाचा संदेश बाहेरच्या माणसापर्यंत किंवा खऱ्या यंत्रणेपर्यंत गेल्याचे कळले, तर त्या क्षणी सराव थांबवावा, सॉफ्टवेअरचे बाहेर जाणारे सर्व मार्ग बंद करावेत, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर तसेच पोलिसांना कळवून खुलासा प्रसृत करावा. हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी ८:०७ वाजता क्षेपणास्त्र हल्ल्याचा खोटा इशारा लोकांच्या मोबाइलवर गेला आणि दुरुस्तीचा संदेश जाण्यास ३८ मिनिटे लागली. चौकशीत असे आढळले की सरावाच्या ध्वनिमुद्रणात आरंभी ‘सराव’ असे सांगितले असले तरी मध्ये ‘हा सराव नाही’ हे वाक्यही होते, आणि कर्मचाऱ्याने प्रसंग खरा मानला. आपल्या इंजेक्टमध्ये असे वाक्य चुकूनही असू नये. उलट प्रत्येक इंजेक्टच्या आरंभी आणि शेवटी ‘हा केवळ सराव आहे’ असे असावे, कारण ई-मेल पुढे पाठवताना आणि स्क्रीनशॉट काढताना मधलाच तुकडा कापला जातो. सरावाचे सॉफ्टवेअर खऱ्या इशारा-प्रणालीला कोणत्याही कारणास्तव जोडू नये. ‘खरेखुरे वाटावे म्हणून’ अशी मागणी वरिष्ठांकडून आली तरी तिला लेखी नकार द्यावा.

तज्ज्ञाला बोलावताना ‘इंजेक्ट येत नाहीत’ एवढेच सांगितले तर तो वरच्या सर्व पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून चढेल. त्याला द्यायची माहिती अशी: इंजेक्टचा क्रमांक, यादीतील वेळ, सॉफ्टवेअरने ‘पाठवला’ दाखवलेली वेळ, सहभागीच्या मनगटावरील घड्याळानुसार तो पोहोचल्याची वेळ, मिळालेले व न मिळालेले गट, हॉटस्पॉटवरील चाचणीचा निकाल, आणि त्या पंधरा मिनिटांचा लॉग मूळ स्वरूपात. लॉग स्क्रीनशॉटने न देता फाइल म्हणून द्यावा, आणि तो घेण्याआधी सर्व्हर पुन्हा सुरू करू नये, कारण कंटेनर नव्याने उभा केला की बऱ्याच मांडण्यांत जुना लॉग त्याच्याबरोबरच जातो.